करंगळीवरचं पातेलं

खुडबुड्याला त्याच्या आईनं लहानपणी एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला होता, ती म्हणजे गप्प बसणं. त्यात ती सपशेल हरली. घरातली एखादी वस्तू दिसली की ती वाजवून बघितल्याशिवाय पोराला चैन पडायचं नाही. दार असेल तर ते करकरणार, डबा असेल तर त्याचं झाकण खणखणणार, आणि हाताशी काहीच नसेल तर हा आपला स्वतःच्याच गालावर टिचक्या मारत बसणार. "अरे खुडबुड्या, थांब की जरा!" असं आई दिवसातून इतक्या वेळा ओरडायची की शेजारीपाजारीही त्याला त्याच नावानं हाक मारू लागले. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आलेत, पण नाव काही सुटलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ज्या खोडीपायी त्याला इतके धपाटे बसले, त्या खोडीवरच आज त्याचं घर चालतं.

खुडबुड्या सिनेमाला आवाज पुरवतो. नट बोलतो ते नव्हे. नट चालतो, पडतो, दार लोटतो, पत्र चुरगाळतो, ते. चित्रीकरणाच्या वेळी माइक असतो नटाच्या तोंडाजवळ, त्याच्या पायांना कोण विचारतो? म्हणून मग चित्र तयार झालं की ते पडद्यावर लावायचं आणि त्याच्यासमोर उभं राहून, बरोब्बर त्या क्षणाला, ते सगळे आवाज पुन्हा करायचे. जुनी छत्री फटाफट उघडमीट केली की गिधाड उडतं. मक्याचं पीठ कापडी पिशवीत भरून दाबलं की माणूस बर्फातून चालायला लागतो. कोबीच्या गड्ड्याला खलनायकाची बरगडी म्हणून किती वेळा मार खावा लागला असेल, ते त्या कोबीलाच ठाऊक.

हे सगळं चालायचं घरामागच्या एका खोलीत. बाहेरच्या माणसाला ती खोली भंगारवाल्याची वाटायची. जमिनीवर फरशीचा, लाकडाचा, वाळूचा आणि खडीचा असे चौकोन होते, भिंतीला जोड्यांची रांग होती, त्यात उंच टाचांचे बायकी जोडेही होते, आणि ते घालून खुडबुड्या भल्याभल्या नायिकांपेक्षा झोकात चालायचा. त्याच्या बायकोनं मात्र या खोलीपुढे हात टेकले होते. स्वयंपाकघरातली वस्तू दिसेनाशी झाली की ती शोधाशोध करत बसायची नाही, सरळ मागच्या खोलीत यायची, रेतीतून आपली चाळणी उचलायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. ते न बोलणं खुडबुड्याला चांगलंच ऐकू यायचं.

काचेपलीकडे, रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी, त्याची धाकटी बहीण बसायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. दोन मुलांची आई झाली तरी ती धाकटीच राहिली होती. भाऊ आवाज करायचा आणि ती तो टिपून घ्यायची, आणि भावाची फिरकी घ्यायची संधी कधी सोडायची नाही. मात्र एका बाबतीत ती त्याला गुरू मानायची. खुडबुड्या पावलांचे आवाज करताना पडद्यावरच्या पायांकडे बघतच नसे. तो म्हणायचा, "पाय खोटं बोलतात. खांदे बघ. माणूस काय करणार ते आधी खांद्यांना कळतं."

एके दिवशी सकाळी एक बाई आपल्या वडिलांना हाताला धरून त्या खोलीत घेऊन आल्या. बाई सिनेमे करायच्या, पन्नाशीला टेकलेल्या, कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. वडिलांनी सगळी उमर छापखान्यात काढली होती. यंत्रांच्या धडधडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते आणि त्याच धडधडाटावर मात करून करून आवाज मात्र खणखणीत झाला होता. दारातूनच ते गरजले, "इथं आवाज विकत मिळतात म्हणे!"

फरशीवरचा पत्र्याचा डबा झणझणला. "हा आत्ताचा फुकट मिळाला," धाकटी पुटपुटली.

बाईंनी आणलेलं चित्र जेमतेम चार मिनिटांचं होतं. त्यांच्या आईचं. वडिलांनी छापखान्याच्या मालकाचा कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला होता आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकोला टिपलं होतं. त्या काळी त्या छोट्या कॅमेऱ्यात आवाज यायचाच नाही. मुकं चित्र. त्यानंतर काही वर्षांतच आई गेली, बाई तेव्हा शाळेतही जायला लागल्या नव्हत्या.

"मला तिचा चेहरा फोटोतून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण घरात ती कशी वाजायची, ते काहीच आठवत नाही. मी आमच्या घरावर एक सिनेमा करतेय, त्यात हे लावायचंय. पण खरं सांगू? सिनेमाचं नंतर बघू. मला हे बाबांना ऐकवायचंय." त्यांनी आवाज खाली केला. खरं तर तशी गरज नव्हती. "डॉक्टर म्हणतात, उरलंसुरलं ऐकणंही भराभर चाललंय. आज जे ऐकू येतं ते पुढच्या महिन्यात येईलच असं नाही. एकदा, फक्त एकदा, ती घरात वावरतेय असं त्यांना ऐकू यावं. नंतर नाही जमायचं."

"काय कुजबुजतेस?" म्हातारबुवा ओरडले.

"काही नाही बाबा!" बाई ओरडल्या.

खुडबुड्यानं मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. असलं काम वर्षानुवर्षं वाटेला येत नाही. खोट्या मारामाऱ्या आणि खोटे घोडे आयुष्यभर केले. हे खरं होतं. त्यानं चित्र पुन्हा पुन्हा बघितलं. एक सडपातळ तरुण बाई फळीवरून पातेलं काढून टेबलावर ठेवते. डब्याचं झाकण काढते. तांब्यातून भांड्यात पाणी ओतते. टेबलाआडची खुर्ची मागे घेते. मध्येच सपाता काढून हातात घेते आणि अनवाणीच खिडकीपाशी जाऊन खिडकी लावते. शेवटी कॅमेऱ्याकडे बघते, दोन पावलं पुढे येते आणि तळहात हलवते, लाजून, "पुरे आता" असं म्हणावं तसा. तिथं चित्र संपतं.

खुडबुड्यानं त्यात जीव ओतला. बायकोचं सगळ्यात जाड बुडाचं पातेलं आणलं. ते टेबलावर असं टेकवलं की आधी ठण्ण आणि मागून घुमत जाणारा बारीक नाद. झाकणाची खणक, पाण्याचा खळखळाट, खुर्चीचे पाय फरशीवरून ओढले जाताना होणारी खर्रर्र, खिडकीच्या कडीचा खटका, सपातांची फटक फटक. एकही हालचाल त्यानं मुकी ठेवली नाही. जे दिसतं ते वाजलंच पाहिजे, हा त्याचा धंद्यातला नियम होता, आणि आजवर त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

म्हातारबुवांना कानांवर मोठे हेडफोन घालून बसवलं. चित्र सुरू झालं. ते पुढे झुकून बघत राहिले. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, खुडबुड्या बाईंच्या चेहऱ्याकडे. चित्र संपलं तेव्हा म्हातारबुवांनी हेडफोन काढले आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. मेहनत दिसते."

"तीच वाटते ना बाबा?"

"नाही," ते म्हणाले. "ही ती नाही."

खुडबुड्यानं त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "काका, मग त्या कशा चालायच्या?"

म्हातारबुवांनी बराच विचार केला. "ती ऐकूच यायची नाही," ते म्हणाले. "मागे येऊन उभी राहायची, तेव्हा कळायचं, आली म्हणून."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी खुडबुड्याला बाजूला घेतलं. "म्हणजे तेव्हापासूनच त्यांना कमी ऐकू येत होतं. आम्हाला वाटायचं, नंतर नंतर झालं. तिचा आवाज यांच्या कानांपर्यंत कधी पोचलाच नसेल."

खुडबुड्यालाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं. मग त्यानं काय करावं? त्यानं सगळं आणखी मोठ्यानं केलं. दोन दिवस खपून पातेलं बदललं, सपाता बदलल्या, खुर्ची अशी ओढली की धाकटीचे दात आंबले. बहिऱ्या कानांच्या तटबंदीला भगदाडच पाडायचं, असा त्याचा बेत होता.

या वेळी म्हातारबुवांनी अर्ध्यातच हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "कोण ही आदळआपट करणारी बाई?" ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज नुसता मोठा नव्हता, दुखावलेला होता. "माझ्या घरात अशी बाई नव्हती." ते उठले, काठी घेतली आणि फरशी, लाकूड, खडी, वाळू तुडवत दाराबाहेर गेले.

बाई त्यांच्या मागे धावल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही केलं ते खूप केलं. माझीच हाव होती." त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी तसदीही घेतली नाही.

खुडबुड्या खडीच्या चौकोनात मटकन बसला. त्याला स्वतःचा राग आला होता, म्हाताऱ्याचा आला होता आणि थोडासा त्या चित्रातल्या बाईचाही. इतका वाजवून वाजवून दमलो, आणि ही काही वाजायला तयार नाही! धाकटी काचेमागे ते मुकं चित्र पुन्हा लावून बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं बटण दाबलं आणि तिचा आवाज खोलीत आला.

"दादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार. नाहीतरी आज माझं नाक कापून झालंय."

"तू मला नेहमी सांगतोस, खांदे बघ. खुर्ची ओढताना तिचे खांदे बघितलेस का?"

खुडबुड्यानं बघितले नव्हते. खुर्चीचे पाय टेबलाआड होते, खुर्ची मागे जाताना दिसली, आणि मागे जाणारी खुर्ची म्हणजे खर्रर्र, हे त्याचे हात इतक्या वर्षांत पाठच करून बसले होते. तो उठला आणि पडद्यापाशी गेला. धाकटीनं चित्र तिथंच मागेपुढे केलं. बाईचे खांदे वर गेले, दोन्ही, एकदम. मग मागे झाले. मग अगदी सावकाश खाली आले.

"ओढत नाहीये," खुडबुड्या म्हणाला. "उचलतेय. खुर्ची उचलून ठेवतेय!"

मग मात्र त्याला थारा उरला नाही. त्यानं वस्तू बाजूला सारल्या आणि रिकाम्या हातांनी तो त्या बाईबरोबर चालू लागला. ती वळली की हा वळायचा, ती वाकली की हा वाकायचा. ती पाणी ओतत होती, आणि आता त्याला दिसलं की धार ती भांड्याच्या मधोमध सोडत नाही, भांडं कलतं धरून कडेनं सोडते. ती खिडकीची कडी एका हातानं खाली करते आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्याखाली धरते. ती सपाता काढते आणि हातात घेते. हे घरात कोण करतं? ती अनवाणी चालते तीही टाच टेकवून नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेवरून. आणि पातेलं ठेवताना... "थांब," तो ओरडला. "मागे घे. आणखी थोडं. इथं!"

पातेलं टेबलावर टेकायच्या आधी त्याच्या बुडाखाली तिची करंगळी होती.

खुडबुड्यानं बायकोचं पातेलं उचललं. करंगळी खाली धरली. पातेलं आधी करंगळीवर टेकलं, मग एका बाजूनं टेबलावर, आणि मग त्यानं बोट सावकाश काढून घेतलं. तो वाट बघत राहिला.

काचेमागून धाकटीनं यंत्राकडे बघितलं, वायर हलवून बघितली. "दादा, माइक बंद पडलाय का रे?"

"नाही," खुडबुड्या म्हणाला. "माइक चालू आहे."

धाकटीनं चित्रातली पातेल्याखालची ती करंगळी पुन्हा लावून बघितली. मग धाकटी, जिनं स्वतः दोन पोरं वाढवली होती, ती हळूच म्हणाली, "दादा, त्या घरात कुणीतरी झोपलंय."

बाईंना फोन लावला. हे चित्र कधीचं, असं विचारलं. "मी जन्मले त्याच वर्षीचं," बाई म्हणाल्या. "का? मी चित्रात नाही हो कुठं, मी शोधलं."

"तुम्ही तेव्हा कुठं झोपायचात?"

"स्वयंपाकघराला लागूनच खोली होती. बाबा सांगतात, मी महाभयंकर रडकी होते. कितीतरी महिने घरात कुणाला झोप नव्हती. मला झोपवणं म्हणजे..." आणि तिथं बाई बोलायच्या थांबल्या.

खुडबुड्यानं फोन ठेवला तो तसाच चित्राच्या शेवटापाशी गेला. चित्रातली बाई कॅमेऱ्याकडे येते, तळहात हलवते. सगळ्यांनी त्याला लाजणं म्हटलं होतं. पण तळहात जमिनीकडे वळलेला होता, आणि ती तो वरून खाली, वरून खाली दाबत होती. नजर नवऱ्याकडे नव्हतीच, त्याच्या बाजूनं, मागे लागून असलेल्या खोलीच्या दाराकडे होती. त्या कॅमेऱ्याला किल्ली द्यावी लागायची आणि तो चालताना घरघरायचा. ती म्हणत होती, हळू. आणि नवऱ्यानं बायकोचं ऐकून तो बंद केला होता, म्हणून चित्र तिथं संपत होतं.

खुडबुड्याला आपल्या साऱ्या पराक्रमाची लाज वाटायला हवी होती, पण लाजेला जागाच नव्हती. मनभर नुसतं आश्चर्य पसरलं होतं. स्वयंपाकघर म्हणजे काय असतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिथली प्रत्येक वस्तू वाजायला टपलेली असते. त्या सगळ्या वस्तूंना ती बाई रोज, सबंध दिवस, एकटी, बोटांनी, पावलांनी, खांद्यांनी गप्प करत होती, आणि हे तिनं इतकं नीट केलं होतं की ज्याच्यासाठी केलं त्या लेकराला कधी कळलंही नाही. कळलं असतं तर ते जागं झालं असतं. खुडबुड्यानं आयुष्यात कुठल्या कलावंताला मनापासून नमस्कार केला असेल तर तो त्या वेळी, त्या मुक्या चित्राला.

"मग आता काय करायचं?" धाकटीनं विचारलं. "काहीच न वाजवता चित्र द्यायचं?"

"छे! ती काहीच करत नाही असं थोडंच आहे? ती केवढं करतेय. आवाज होऊ नये म्हणून जे करतात, त्यालाही आवाज असतो. तो घ्यायचा."

"आणि काकांच्या कानांचं काय? त्यांना ढोलही ऐकू येत नाही."

"ते तू बघ. यंत्र तुझं आहे."

सांगणं सोपं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी, आजूबाजूची दुकानं बंद असताना, त्यांनी काम सुरू केलं. माइक इतका जवळ आणि इतका तीक्ष्ण लावला की खोलीतल्या बारीकसारीक गोष्टीही बोलू लागल्या. भिंतीवरचं घड्याळ बाहेर न्यावं लागलं. मग घरातला फ्रिज ऐकू यायला लागला. खुडबुड्यानं जाऊन तोही बंद केला आणि बायकोनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती इथं सांगण्यासारखी नाही. मग धाकटीच्या पोटात गुरगुरलं. मग खुडबुड्याच्या शर्टाची बाही घासली, म्हणून त्यानं शर्टच काढला.

आणि एवढं करूनही त्याला जमेना. हात ऐकत नव्हते. पातेलं करंगळीपर्यंत नीट यायचं आणि शेवटच्या क्षणी, सवयीनं, इतकंसं ठण्ण करायचं. सगळा जन्म या हातांनी एकच धडा गिरवला होता, आणि आता त्यांना उलटं चालायचं होतं. तो पुन्हा करायचा, पुन्हा चुकायचा. करंगळी लाल झाली. मध्येच त्याला आई आठवली, अरे खुडबुड्या, थांब की जरा, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आलं की आपलं घर वाजत होतं ते आपण वाजवत होतो म्हणून. आई स्वतः वाजल्याचं त्याला आठवेना. त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. तिचं ओरडणं आठवलं, तिच्या भांड्याचा एक आवाज काही आठवला नाही.

त्यानंतर जमलं. कसं जमलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं असं धरलं की काचेमागे धाकटी नाही, तिचं धाकटं पोर आहे आणि त्याचा आत्ताच डोळा लागलाय. पातेलं करंगळीवर आलं आणि टेबलाला फक्त टेकलं. पाणी कडेनं उतरलं. अनवाणी पाऊल फरशीवरून उचललं गेलं तेव्हा कातडीचा सुटतानाचा तेवढा आवाज झाला. आणि या सगळ्याखाली एक श्वास होता, प्रत्येक वस्तू ठेवताना रोखलेला आणि ठेवून झाल्यावर सोडलेला. तो त्यानं मुद्दाम केला नव्हता. तो आपोआपच येत होता. तसं ठेवायचं म्हटलं की श्वास रोखावाच लागतो.

धाकटीनं ते परत लावलं आणि आवाज हळूहळू वाढवत नेला. आणखी. आणखी. खोली भरून गेली, तरी पातेलं आपटलं नाही. मोठ्यानं ऐकू येत होतं ते हळू ठेवणंच. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. "दादा," ती म्हणाली, "जोरात ठेवलेलं कितीही बारीक केलं तरी जोरातच वाटतं रे. आणि हे बघ, कितीही वाढव, हळूच राहतंय."

म्हातारबुवांना आणायला बाईंना बऱ्याच मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. ते आले ते फुरंगटूनच. "पुन्हा ती आदळणारी बाई असेल तर मी निघालो!" असं त्यांनी दारातूनच जाहीर केलं. पत्र्याचा डबा पुन्हा झणझणला. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, हेडफोन चढवले आणि हाताची घडी घालून बसले. बाईंनी दुसरे हेडफोन घेतले. धाकटीनं म्हातारबुवांच्या बाजूचा आवाज वाढवायला सुरुवात केली. खुडबुड्या मागे उभा राहिला, अनवाणी, श्वास धरून. या वेळी जमलं नाही तर पुन्हा विचारायला कुणी येणार नव्हतं. त्या कानांकडे तेवढे दिवस उरले नव्हते.

पातेलं टेबलावर आलं.

म्हातारबुवांच्या हाताची घडी सुटली.

पाणी कडेनं उतरलं. खुर्ची उचलली गेली आणि ठेवली गेली. त्यांनी मान जराशी वळवली, मागे कुणी उभं आहे का बघावं तशी, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. सपाता हातात आल्या. अनवाणी पावलं खिडकीकडे गेली, कडी बोटावर उतरली, रोखलेला श्वास सुटला. म्हातारबुवांचेही खांदे त्या श्वासाबरोबर खाली आले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

बाईंना राहवेना. त्यांनी वडिलांच्या दंडाला धरलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं ओरडून विचारलं, "बाबा! हीच का ती? हीच का?"

म्हातारबुवांनी पडद्यावरची नजर काढली नाही. त्यांनी एक हात उचलला, तळहात जमिनीकडे वळवला आणि वरून खाली, वरून खाली दाबला.

"हळू," ते म्हणाले. ते कुजबुजले. खुडबुड्यानं, धाकटीनं, खुद्द त्यांच्या मुलीनंही तो माणूस कुजबुजताना कधी ऐकला नव्हता. "हळू गं. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बाईंनी त्यांचा दंड सोडला नाही. त्यांनी डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.